नव्या विमानतळ टर्मिनलमधल्या यंत्रणा एकमेकींशी जोडताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

टर्मिनलमध्ये फायर अलार्म एका ठेकेदाराचा, वातानुकूलन दुसऱ्याचं, दारांचं नियंत्रण तिसऱ्याचं आणि सामानाचे पट्टे चौथ्याचे. प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी पास होते, कागदावर सह्या होतात. सगळं एकत्र चालवायच्या दिवशी मात्र अलार्म वाजूनही धूर ओढणारा पंखा सुरू होत नाही. झालाच तर त्याचा डॅम्पर, म्हणजे हवेच्या डक्टमधली उघडझाप करणारी झडप, बंद असते. दार उघडतं, पण शेजारच्या झोनचं. बर्लिनचं नवं विमानतळ ३ जून २०१२ ला उघडणार होतं. ८ मे रोजी ते उद्घाटन रद्द झालं आणि प्रत्यक्षात विमानतळ सुरू झालं ३१ ऑक्टोबर २०२० ला. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होतं धूर बाहेर काढणारी यंत्रणा आणि तिचं नियंत्रण.

मोपा, पुण्याचं नवं टर्मिनल, नवी मुंबई अशी कामं गेल्या काही वर्षांत झाली आणि पुढचे टप्पे येत आहेत. अशा साइटवर एमईपी (वातानुकूलन, वीज, प्लंबिंग), बीएमएस (इमारतीतल्या यंत्रांवर देखरेख ठेवणारी संगणक-यंत्रणा) किंवा कमिशनिंगचं (तपासून चालू करण्याचं) काम करणाऱ्यांसाठी हा क्रम आहे. यंत्रणा निवडून झाल्या आहेत आणि ठेकेदार ठरले आहेत, असं धरलं आहे.

## टप्पा १: इंटरफेसचा तक्ता, पहिली केबल ओढण्याआधी

दोन यंत्रणा जिथे भेटतात ती प्रत्येक जागा एका ओळीत लिहा. ‘फायर अलार्म ते बीएमएस: इंटरफेस देणे’ एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक ओळीत पुढच्या गोष्टी हव्यातच:

१. संकेत कोणाकडून कोणाकडे जातो आणि त्याचा अर्थ काय.
२. तो कशातून जातो: पोटेन्शियल-फ्री काँटॅक्ट (स्वतःची वीज नसलेला स्विच), बॅकनेट, मॉडबस (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती) की आणखी काही.
३. दोन्ही टोकांचे पॅनेल क्रमांक आणि वायर जोडायच्या टर्मिनलचे क्रमांक.
४. केबल कोण पुरवणार, कोण ओढणार आणि दोन्ही टोकांचं टर्मिनेशन कोण करणार.
५. मधला रिले (संकेतावर चालणारा स्विच) कोणाचा आणि त्याला २४ व्होल्ट कोण देणार.
६. सर्व ठीक असताना काँटॅक्ट उघडा की बंद. केबल तुटली किंवा वीज गेली तर समोरच्या यंत्राने काय करायचं.
७. चाचणी कोण घेणार, सही कोणाची.

भांडणं बहुतेक वेळा चौथ्या आणि पाचव्या मुद्द्यावर होतात. फायर अलार्मवाला केबल आणून एएचयूच्या (थंड हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलशेजारी गुंडाळी करून टांगून ठेवतो, कारण ‘आमचं काम इथपर्यंत’. पॅनेलवाला ती उघडत नाही, कारण ‘आमच्या ड्रॉइंगमध्ये ही केबल नाही’. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर ही गुंडाळी सापडते तेव्हा आठवडा जातो.

साध्या एका एएचयूचा हिशोब करून पाहा: फायर अलार्मकडून बंद करण्याचा एक संकेत, पुरवठा आणि परतीच्या फायर डॅम्परांना दोन आज्ञा, त्या डॅम्परांची स्थिती कळवणारे उघडा-बंद असे चार एंड स्विच, पंखा खरोखर फिरतोय याचा पुरावा, ट्रिप (बिघाडाने बंद पडल्याचा संकेत), ऑटो-मॅन्युअल स्विचची स्थिती, डक्टमधल्या धूर-संवेदकाचा संकेत. एका यंत्राच्या नुसत्या वायरने जोडलेल्या बिंदूंची संख्या दहावर गेली. टर्मिनलमध्ये असे एएचयू डझनांनी असतात. म्हणून हा तक्ता साइट मीटिंगच्या तोंडी बोलण्यावर सोडू नका.

तपासा: तक्त्यात कुठेही ‘इतरांकडून’ हा शब्द उरला असेल तर ती ओळ अपुरी आहे. तिथे कंपनीचं नाव लिहा आणि त्या कंपनीची सही घ्या.

## टप्पा २: झोनचे नकाशे एकमेकांवर ठेवा

हा टप्पा बहुतेक साइटवर गाळला जातो आणि सगळ्यांत महाग पडतो. फायर अलार्मचे झोन एकाने आखलेले असतात, धुराचे झोन दुसऱ्याने, एएचयू कुठल्या भागाला हवा देतो ते तिसऱ्याने, उद्घोषणेचे झोन चौथ्याने आणि दारांचे गट पाचव्याने. पाचही नकाशे एकाच मापात छापा, पारदर्शक करा आणि एकमेकांवर ठेवा.

पाहायचं ते असं. धुराच्या एका झोनमध्ये एएचयू ७ पूर्ण येतो, पण एएचयू ८ अर्धाच येतो. आता या झोनमध्ये आग लागली तर ८ बंद करायचा का? केला तर शेजारच्या झोनची हवा बंद होते. नाही केला तर तो आगीच्या झोनमध्ये हवा ढकलत राहतो, किंवा परतीच्या डक्टमधून धूर शेजारी नेतो. याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. डक्ट वेगळा करावा लागेल, मध्ये डॅम्पर घालावा लागेल किंवा झोनची हद्द सरकवावी लागेल. तिन्ही गोष्टी कागदावर स्वस्त आणि छतात महाग असतात.

उंच चेक-इन हॉलमध्ये आणखी एक अडचण येते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली तापलेल्या हवेचा थर बसतो. सुरुवातीचा धूर तितका गरम नसतो, त्यामुळे तो या थराखालीच अडकतो आणि छताजवळच्या संवेदकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून बीम डिटेक्टर (हॉलभर सोडलेला किरण धुराने अडला की वाजणारे संवेदक) फक्त वर न लावता मधल्या उंचीवरही लावा. दिशा ठरवताना दुपारचं ऊन थेट रिसीव्हरवर पडणार नाही हे बघा. बीम हलणाऱ्या काचेच्या भिंतीवर न बसवता पक्क्या खांबावर बसवा, नाहीतर रोज खोटे फॉल्ट येतील.

## टप्पा ३: कारण-परिणाम तक्ता, सेकंदांसह

डावीकडे कारणं: कोणता संवेदक, कोणत्या झोनचा. वर परिणाम: कोणता पंखा, डॅम्पर, दार, लिफ्ट, पट्टा, उद्घोषणा. चौकटीत नुसती फुली मारू नका. काय करायचं, किती सेकंदांनी आणि कशाची खात्री झाल्यावर, हे लिहा.

दुसऱ्या मजल्यावरच्या गेट लाउंजची एक ओळ अशी दिसेल:

१. एकच संवेदक: नियंत्रण कक्षात पूर्वसूचना आणि त्या भागाचा कॅमेरा पडद्यावर. प्रवाशांना काही ऐकू जात नाही. एनएफपीए ७२ या अमेरिकी फायर अलार्म मानकाच्या पद्धतीत ही सूचना १५ सेकंदांत स्वीकारायची आणि तपासाला जास्तीत जास्त १८० सेकंद मिळतात. वेळ टळली की आपोआप पूर्ण अलार्म.
२. त्याच झोनचा दुसरा संवेदक: पूर्ण अलार्म. हवा देणारे एएचयू बंद, फायर डॅम्पर बंद.
३. धूर ओढण्याच्या मार्गातले डॅम्पर उघडतात. एंड स्विचने खात्री दिल्यावरच पंखा सुरू होतो.
४. भरपाईची हवा आत येण्याचे मार्ग उघडतात.
५. त्या झोनमध्ये बाहेर पडण्याची उद्घोषणा, लगतच्या झोनना सावध राहण्याची.
६. ठरलेली दारं मोकळी होतात. लिफ्ट ठरलेल्या मजल्यावर जाऊन दार उघडं ठेवून थांबते. धूर त्याच मजल्यावर असेल तर पर्यायी मजला.

तिसऱ्या पायरीचा क्रम उलटा झाला, म्हणजे पंखा आधी आणि डॅम्पर नंतर, तर बंद डक्टमध्ये एवढा दाब तयार होतो की पत्रा चेपतो किंवा डॅम्परची मोटर पातं हलवूच शकत नाही. धूर-नियंत्रणाच्या एनएफपीए ९२ या मानकाप्रमाणे पंखा ६० सेकंदांत अपेक्षित स्थितीत आला पाहिजे आणि डॅम्परची हालचाल ७५ सेकंदांत पूर्ण झाली पाहिजे. पंख्याने डॅम्परची वाट पाहायची असेल तर डॅम्परची मोटर त्या हिशोबाने जलद निवडावी लागते. खरेदीच्या वेळी हे कोणी पाहत नाही.

चौथ्या पायरीवर थोडं थांबा. बाहेर ओढलेल्या हवेच्या ८५ ते ९५ टक्के भरपाई आत येईल अशी रचना करतात. बाकीची फटींतून येते. भरपाई कमी पडली तर झोनमध्ये ओढ इतकी वाढते की बाहेर उघडणारं दार माणसाला ढकलवत नाही. दार उघडायला लागणारा जोर १३३ न्यूटनपेक्षा जास्त होता कामा नये. उलट भरपाईची हवा जोरात आली तर धुराचा वर जाणारा स्तंभ विस्कटतो, म्हणून धुराला भिडते तिथे तिचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटरच्या आत ठेवतात. टर्मिनलमध्ये ही हवा बरेचदा सरकत्या काचेच्या मुख्य दारांतूनच येते. म्हणजे ती दारं अलार्मनंतर उघडी राहिली पाहिजेत, हेही तक्त्यात हवं.

तक्त्यात नेहमी चुकणाऱ्या गोष्टी:

हाताने दाबायचा कॉल पॉइंट. याने उद्घोषणा सुरू होऊ द्या, धूर ओढण्याची योजना नाही. आग पाहिलेला माणूस पळत दुसऱ्या झोनमध्ये जाऊन बटण दाबतो आणि पंखे चुकीच्या जागी चालू होतात.

पहिला झोन पक्का. धूर शेजारी पोहोचून तिथला संवेदक वाजला म्हणून पंख्यांची योजना बदलू देऊ नका. पहिल्या झोनची योजना चालू राहील. बदल फक्त अग्निशमन अधिकारी त्यांच्या पॅनेलवरून करतील आणि त्या पॅनेलचा हुकूम सर्वांत वर असेल.

सरकते जिने. अलार्म येताच करकचून थांबवले तर वरची माणसं एकमेकांवर पडतात. सावकाश थांबवणं किंवा माणसाने पाहून थांबवणं, यातलं काय करायचं ते ठरवून लिहा.

सुरक्षेची दारं. प्रत्येक दाराचा निर्णय वेगळा घ्या. शहराच्या बाजूला उघडणारं दार लगेच मोकळं होऊ शकतं. सुरक्षा-तपासणी झालेल्या भागातून धावपट्टीच्या बाजूला उघडणारं दार फक्त त्याच झोनच्या अलार्मवर मोकळं व्हावं. त्याच क्षणी सीआयएसएफच्या कक्षात इशारा आणि कॅमेऱ्याचं चित्र गेलं पाहिजे. हा निर्णय अग्निशमन अधिकारी आणि सुरक्षा यांनी बीसीएएसच्या (नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या) नियमांत राहून एका टेबलावर बसून घ्यायचा असतो. ठेकेदाराने तो परस्पर घेऊ नये. अलार्म मिटल्यावर ही दारं आपोआप कुलूपबंद होता कामा नयेत. माणसाने पाहणी करून बंद करायची, ही ओळही तक्त्यात लिहा.

सामानाचा पट्टा आणि फायर शटर. पट्टा आगरोधक भिंतीतून जातो तिथे शटर असतं. शटर लगेच पाडलं तर खाली बॅग अडकते आणि भिंतीत हातभर फट राहते. क्रम असा हवा: आधी मागून येणारा पट्टा थांबेल, शटरखालचा आणि पुढचा पट्टा काही सेकंद चालून जागा रिकामी करेल, फोटोसेल ‘मोकळं’ म्हणेल आणि मग शटर पडेल. या पट्ट्याच्या मोटरला आणि फोटोसेलला वीज कुठून, हे विचारा. मुख्य वीज गेली, पट्टा जागीच थांबला आणि शटर स्वतःच्या वजनाने पडलं, तर सगळा क्रम निरर्थक होतो.

सावधान: जीव वाचवणारी कोणतीही आज्ञा बीएमएसच्या सॉफ्टवेअरमधून जाऊ देऊ नका. फायर अलार्म पॅनेलने थेट वायरने किंवा त्यासाठीच प्रमाणित केलेल्या नियंत्रकातून हुकूम द्यायचा. बीएमएसने पाहायचं आणि नोंद ठेवायची. सर्व्हर बंद असतानाही पूर्ण तक्ता चालला पाहिजे.

## टप्पा ४: नावं, पत्ते, घड्याळं

इथे काम कंटाळवाणं आहे, चुका मात्र महिनोन् महिने छळतात.

नावाची एकच पद्धत सर्व ठेकेदारांवर बांधा: इमारत, मजला, झोन, यंत्र, क्रमांक, बिंदू. फायर अलार्मच्या पडद्यावर ‘लाउंज पूर्व’ आणि बीएमएसवर ‘झोन २-बी’ असेल तर रात्री दोन वाजता ऑपरेटर गोंधळणारच. खोलीची नावं बांधकामाच्या ड्रॉइंगमधून घेऊ नका. प्रवाशांसाठीच्या पाट्यांवर जे गेट क्रमांक लागणार आहेत तेच वापरा, कारण उद्घाटनाआधी गेटचे क्रमांक अनेकदा बदलतात.

बॅकनेटवर प्रत्येक उपकरणाचा इन्स्टन्स क्रमांक (ओळख-क्रमांक) पूर्ण टर्मिनलमध्ये वेगळा हवा. दोन ठेकेदार दोघेही १००१ पासून सुरुवात करतात, आणि नेटवर्क जोडल्यावर उपकरणं आळीपाळीने ‘गायब’ होऊ लागतात. म्हणून कोणी कुठून कुठपर्यंतचे क्रमांक वापरायचे ते आधीच वाटून द्या. नेटवर्कच्या प्रत्येक भागात, म्हणजे सबनेटमध्ये, बीबीएमडी (सर्वांसाठीचे संदेश दुसऱ्या सबनेटमध्ये पोहोचवणारं उपकरण) एकच ठेवा. दोन ठेवले तर एकच संदेश पुनःपुन्हा फिरून नेटवर्क भरून जातं.

मॉडबसचं वायरिंग एका उपकरणातून दुसऱ्यात असं सलग जाऊ द्या, मध्ये फांद्या नकोत. दोन टोकांना १२० ओहमचे रोध, मधे कुठेही नाही. एका ओळीवर ३२ साधी उपकरणं ही जुनी मर्यादा पाळलेली बरी. मीटरचे आकडे विचित्र येत असतील तर आधी दोन शक्यता पाहा: रजिस्टर (आकडा साठवलेल्या जागेचा क्रमांक) एकाने पुढे-मागे झालंय, किंवा ३२ बिट आकड्याचे दोन अर्धे उलट क्रमाने वाचले जातायत. मीटरच्या पडद्यावर ४१५ व्होल्ट आणि बीएमएसवर अगम्य मोठी संख्या असेल तर दुसरी शक्यता.

घड्याळ सर्वांचं एकच हवं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवायची आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. फायर अलार्म पॅनेल अनेकदा या जाळ्याबाहेर राहतं. त्याची वेळ चार मिनिटं मागे असेल तर घटनेनंतर आधी काय झालं हेच कळत नाही.

विमानांच्या वेळापत्रकावर गेट लाउंजचं वातानुकूलन चालवणार असाल तर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते की भारतीय वेळेत, हे लेखी घ्या. रात्री २ चं विमान यूटीसीत आदल्या दिवशीचं २०:३० असतं. तारीख न बदलता नुसते साडेपाच तास मिळवणारा प्रोग्राम पहाटेच्या विमानांना बरोबर एक दिवस चुकवतो, आणि दिवसा चाचणी घेतली तर ही चूक दिसतच नाही. वेळापत्रकाचा प्रवाह १५ मिनिटं आला नाही तर ठरलेल्या साध्या वेळापत्रकावर जायचं, असा नियम घाला.

तपासा: कारखान्यात बसवलेला पासवर्ड एकाही कंट्रोलरवर उरलेला नाही. दारांचं नियंत्रण, कॅमेरे, बीएमएस, सामान-यंत्रणा आणि विमान कंपन्यांचे संगणक यांची नेटवर्कं वेगळी आहेत आणि मधली प्रत्येक वाट कागदावर आहे.

## टप्पा ५: साइटवरचा क्रम

कोकण किनाऱ्यावर पावसाळा मध्ये येणार, हे धरून वेळापत्रक लावा. छत आणि काच पूर्ण होण्याआधी कंट्रोलर पॅनेलमध्ये बसवू नका. पेट्या आणि वायरिंग आधी, इलेक्ट्रॉनिक कार्ड नंतर. पॅनेल बसवलंच असेल तर आतला हीटर तात्पुरत्या विजेवर चालू ठेवा आणि ग्लँडची (केबल आत घ्यायची) रिकामी भोकं बुजवा. वातानुकूलन पहिल्यांदा सुरू होतं त्या दिवशी दमट हवा थंड पृष्ठभागावर पाणी सोडते. त्या आठवड्यात रोज पॅनेल उघडून पाहा.

धूर-संवेदकांवरची प्लॅस्टिकची टोपी सिव्हिलची धूळ संपेपर्यंत राहू द्या. पण टोप्यांची मोजदाद ठेवा: जितक्या लावल्या तितक्या काढून पोत्यात जमा झाल्या पाहिजेत. टोपीखालचा संवेदक पॅनेलवर अगदी निरोगी दिसतो.

फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी प्रत्येक फायर डॅम्पर हाताने आणि विजेने चालवून पाहा, आणि त्याखाली उघडता येणारी खिडकी आहे का बघा. एंड स्विच डॅम्परच्या पात्याची खरी जागा सांगतो की नुसत्या मोटरची? मोटर आणि पातं जोडणारा क्लँप सैल असेल तर मोटर ९० अंश फिरते, पडद्यावर ‘उघडा’ दिसतं आणि पातं हललेलंही नसतं. क्लँप घट्ट केल्यावर दांड्यावर आणि क्लँपवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारा. पुढे तो सरकला तर नुसत्या डोळ्यांनी कळेल.

पंख्याचंही तसंच आहे. काँटॅक्टर (मोटरला वीज देणारा स्विच) ओढला गेला म्हणजे पंखा फिरतोय असं नाही. बेल्ट तुटलेला असू शकतो. पुरावा दाबाच्या फरकाच्या स्विचमधून किंवा बेल्ट तुटल्याचं ओळखेल अशा बेताने लावलेल्या करंट-रिलेमधून घ्या.

## टप्पा ६: एकेक बिंदू, मग जोड्या

एकेक बिंदू टोकापासून टोकापर्यंत तपासा. कंट्रोलरच्या टर्मिनलवर जंपर (जोडणीसाठीचा तात्पुरता वायरचा तुकडा) लावून पडद्यावर बदल दिसला, एवढ्याने चाचणी होत नाही. संवेदकाला चाचणीचा धूर द्या, डॅम्परचं पातं डोळ्यांनी पाहा, दार हाताने ढकला. एक माणूस यंत्राजवळ आणि एक पडद्याजवळ असतो. दोघांनी वॉकीटॉकीवर बिंदूचं पूर्ण नाव उच्चारायचं. ‘झाला का?’ ‘झाला’ अशा संवादात शेजारच्या एएचयूचा बिंदू पास होऊन जातो.

मग जोड्या: फायर अलार्म–एएचयू, फायर अलार्म–दारं, फायर अलार्म–लिफ्ट, फायर अलार्म–उद्घोषणा, सामान-पट्टा–शटर. प्रत्येक जोडीत केबल सोडवूनही पाहा. चुंबकी कुलपाची वीज फायर रिलेच्या सहसा बंद असणाऱ्या काँटॅक्टमधून गेली पाहिजे. चुकून सहसा उघड्या काँटॅक्टवर रचना केली असेल तर अलार्मला दार सुटतं, चाचणी पास होते. पण केबल तुटली किंवा पॅनेलची वीज गेली की तेच दार बंद राहतं.

उद्घोषणेची चाचणी रिकाम्या हॉलमध्ये नुसती ‘ऐकू येते’ म्हणून पास करू नका. बोलणं कळण्याचं माप, एसटीआय, किमान ०.५ धरतात. गुळगुळीत फरशी आणि काचेत आवाज मोठा केला की आकडा सुधारण्याऐवजी घसरतो.

सावधान: बॅकनेटमध्ये एका बिंदूला १६ प्राधान्यं असतात आणि ऑपरेटरचा हाताने दिलेला हुकूम ८ व्या क्रमांकावर बसतो. चाचणीत ‘चालू’ केलेला पंखा तसाच सोडला तर १६ व्या क्रमांकावरचं वेळापत्रक त्याला कधीच बंद करू शकत नाही. रोज संध्याकाळी ८ व्या क्रमांकावर अडकलेल्या बिंदूंची यादी काढा आणि मोकळे करा.

## टप्पा ७: सगळं एकत्र, वीज घालवून

वर्षभराच्या कामाचा खरा निकाल इथे लागतो. याला दिवस कमी देऊ नका. उद्घाटनाची तारीख जवळ आली की सर्वांत आधी याच दिवसांना कात्री लागते. आमचं स्पष्ट मत आहे की हे दिवस सुरुवातीलाच करारात वेगळे राखून ठेवावेत.

१. वीज चालू, एक झोन. कारण-परिणाम तक्त्याची ओळ हातात धरून सेकंद मोजा. प्रत्येक परिणामाजवळ माणूस उभा करा. ‘पडद्यावर दिसलं’ हे उत्तर मान्य नाही.

२. वीज चालू असताना अलार्म, मग मुख्य वीज बंद. यूपीएसवर फायर अलार्म, दारं, नेटवर्क चालू राहिले पाहिजेत. जनरेटर आला की धूर ओढणारे पंखे पुन्हा आपोआप सुरू झाले पाहिजेत. इथे दोन गोष्टी हमखास फसतात. पंखा अजून फिरत असतानाच व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) त्याला शून्यापासून सुरू करायला जातो आणि ट्रिप होतो. त्यासाठी फिरता पंखा पकडण्याची सोय, म्हणजे फ्लाइंग स्टार्ट, चालू केलेली हवी. आणि यूपीएसशिवायचा कंट्रोलर पुन्हा जागा होताना आपले सर्व आउटपुट काही मिनिटं ‘बंद’ ठेवतो.

३. आधी वीज बंद, मग अलार्म. क्रम बदलला की वेगळ्या चुका बाहेर येतात. दोन्ही करा.

४. वीज परत येताना. जनरेटरवरून मुख्य विजेवर परतताना पुन्हा एक क्षणाचा खंड येतो. अनेकांची चाचणी जनरेटर चालू झाल्यावर संपते, म्हणून हा खंड तपासलाच जात नाही.

५. लांबलेला अंधार. काही तास जनरेटरवर चालवा. नेटवर्कच्या खोलीतले स्विच यूपीएसवर असतात, पण त्या खोलीचा एसी जनरेटरवर घेतलेलाच नसतो. तासाभरात खोली तापते आणि स्विच एकामागून एक बंद पडतात. अलार्म पॅनेलच्या बॅटऱ्याही याच वेळी पाहा. एनएफपीए ७२ प्रमाणे २४ तास शांत अवस्था आणि त्यानंतर, आवाजी उद्घोषणा असेल तर, १५ मिनिटं पूर्ण अलार्म एवढी ताकद हवी.

६. सर्व्हर बंद. बीएमएसचा सर्व्हर बंद करून झोनची एक ओळ पुन्हा चालवा.

धुराच्या चाचणीत गरम धूर वापरा. थंड धूर वर चढत नाही, जमिनीलगत पसरतो आणि पंखे निकामी असल्याचा भास देतो. चाचणीआधी विमान कंपन्या आणि अग्निशमन दलाला कळवा, आणि अंतर्गत सजावटीचं सामान झाकून घ्या.

तपासा: एखादी दुरुस्ती केल्यावर फक्त ती ओळ नव्हे, तिच्या झोनची पूर्ण चाचणी पुन्हा. एका डॅम्परची वायर बदलताना शेजारची सुटते.

## टप्पा ८: तात्पुरतं काढून टाका

चाचणीसाठी केलेले बदल उद्घाटनानंतरही राहून जातात. हीथ्रोच्या टर्मिनल ५ मध्ये चाचणीचे संदेश बाहेर जाऊ नयेत म्हणून सामान-यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गाळणी घातली होती. ती २७ मार्च २००८ च्या पहिल्या दिवशीही तशीच होती, आणि खरे संदेशही अडवले गेले.

म्हणून पहिल्या चाचणीपासून एक वही ठेवा: जंपर, बायपास, बंद केलेला संवेदक, सॉफ्टवेअरमधला अडथळा, उघडा सोडलेला डॅम्पर. प्रत्येकापुढे कोणी केलं, कुठे, कधी काढलं. साइटवर प्रत्यक्ष जंपरला लाल फीत बांधा. वहीतल्या नोंदी आणि काढलेल्या फिती यांची संख्या जुळल्याशिवाय इमारत ताब्यात देऊ नका.

ताबा देताना चालवणाऱ्यांच्या हातात पुढचं द्या: प्रत्यक्ष स्थितीनुसार दुरुस्त केलेला कारण-परिणाम तक्ता मोठ्या अक्षरात छापून नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर, प्रत्येक कंट्रोलरच्या प्रोग्रामची प्रत आणि तो परत कसा भरायचा याची लेखी पद्धत, पासवर्ड बंद पाकिटात, मालकाच्या ताब्यात, फायर अलार्मचे सुटे संवेदक आणि डॅम्परच्या सुट्या मोटरी. रात्रपाळीच्या ऑपरेटरांचं प्रशिक्षण रात्रपाळीतच घ्या. दिवसा कक्षात दहा माहीतगार असतात, रात्री दोघेच. तक्त्याची एक ओळ त्या दोघांकडून कोणाच्याही मदतीशिवाय चालवून घ्या आणि मगच त्यांच्या नावापुढे सही करा.